फोन मोकळा केला की चित्र धूसर का होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कंपनीने अपडेट द्यायचं थांबवलं म्हणून तुम्ही जुन्या अँड्रॉइड फोनचा बूटलोडर (फोन सुरू करणारं, कंपनीने कुलूपबंद ठेवलेलं सॉफ्टवेअर) उघडून त्यावर लिनिएजओएस ही अँड्रॉइडची मोफत, खुली आवृत्ती टाकलीत. फोन पुन्हा पळायला लागला, पण तेव्हापासून नेटफ्लिक्स धूसर दिसतं आणि बँकेचं ॲप उघडल्या उघडल्या बंद पडतं. ‘दर महिन्याला पैसे भरून बघतो, फोनमध्ये चोरीची एक फाइल नाही, मग शिक्षा कसली? जेलब्रेकचा आणि डीआरएमचा नेमका संबंध काय, आणि हे भारतात गुन्ह्यात मोडतं का?’ शिवाय घरात एक आयफोन एक्स पडून आहे, तोही जेलब्रेक करावा का, असं विचारलंय. (डीआरएम म्हणजे सिनेमा, गाणी, ॲप्स यांची नक्कल होऊ नये म्हणून लावलेलं डिजिटल कुलूप; जेलब्रेक म्हणजे कंपनीने बंद ठेवलेला फोन उघडणं.)

माझं काम मोबाइल ॲप्सची सुरक्षा तपासण्याचं. त्यामुळे टेबलावर एखादा जेलब्रेक केलेला आयफोन आणि एखादा रूट केलेला, म्हणजे सर्वाधिकार मिळवलेला, अँड्रॉइड कायम असतोच. सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करतो, कारण निम्मा गोंधळ त्यातूनच होतो. जेलब्रेक केलं म्हणजे डीआरएम फोडलं, असं लोक धरून चालतात. आजच्या फोनवर बहुतेक वेळा उलटं घडतं. तुम्ही फोन उघडता आणि डीआरएम आपल्या किल्ल्या घेऊन निघून जातं. फुटत काहीच नाही. तुमच्या फोनवर नेमकं हेच झालंय.

फोन सुरू होताना सगळ्यात आधी चालतो तो चिपमध्येच कोरलेला छोटासा कोड, बूटरॉम. तो पुढच्या टप्प्याची डिजिटल सही तपासतो आणि बरोबर असेल तरच त्याला चालू देतो. तो टप्पा त्याच्या पुढच्याची तपासतो. असं करत करत कर्नलपर्यंत, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यापर्यंत, पोचायचं, आणि आयफोनवर पुढे कर्नल प्रत्येक ॲपची सही तपासतो. आयफोनमध्ये ही साखळी सोडवायचं बटण मालकाला दिलेलंच नाही, म्हणून कुठेतरी बग शोधून ती तोडावी लागते. ते जेलब्रेक. अँड्रॉइडवर बऱ्याच कंपन्या बटण देतात: सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारायची, डेव्हलपर ऑप्शन्स उघडायचे, ओईएम अनलॉकिंग चालू करायचं आणि मग संगणकाला जोडून बूटलोडर उघडायचा. फोनमधला सगळा डेटा पुसला जातो आणि पुढे प्रत्येक वेळी सुरू होताना पडद्यावर इशारा येतो. म्हणजे आयफोनचा मालक खिडकीतून आत शिरतो आणि अँड्रॉइडचा मालक सही करून दारातून. पण आत गेल्यावर डीआरएमच्या नजरेत दोघं सारखेच परके.

ते का, हे समजायला वाइडव्हाइन बघावं लागेल. अँड्रॉइडवर नेटफ्लिक्स, प्राइम आणि इतर बहुतेक ओटीटी गुगलच्या याच डीआरएमवर चालतात. त्याच्या पातळ्यांपैकी तुमच्या कामाच्या दोन, एल१ आणि एल३. एल१ मध्ये व्हिडिओची कुलूपबंदी उघडणं आणि त्याचं चित्र तयार करणं ही दोन्ही कामं प्रोसेसरच्या एका वेगळ्या, सुरक्षित भागात होतात. अँड्रॉइडलासुद्धा तिथे डोकावता येत नाही. चालू सिनेमाचा स्क्रीनशॉट काढला की काळा चौकोन मिळतो, त्याचं हेही एक कारण. एल३ मध्ये हे सगळं साध्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, आणि सॉफ्टवेअर चिकाटीने उलगडता येतं. जानेवारी २०१९ मध्ये डेव्हिड ब्युकॅनन या संशोधकाने एल३ फोडल्याचं जाहीरही केलं होतं. म्हणून स्टुडिओ एल३ वर फक्त कमी दर्जाचं चित्र देऊ देतात. फुटलं तर फुटलं, फार काही हाती लागणार नाही, हा त्यामागचा हिशेब. डीआरएम इन्फो नावाचं एखादं फुकट ॲप टाकून बघा. सिक्युरिटी लेव्हलसमोर एल३ असं आलं, तर तुमच्या धूसर चित्राचं कारण तेच.

सगळे फोन सारखे वागत नाहीत. काहींचा बूटलोडर उघडला तरी एल१ शाबूत राहतो, काहींचा कस्टम रॉम (लिनिएजओएससारखी बाहेरची प्रणाली) टाकल्यावर जातो. हे चिप, कंपनी आणि रॉम बनवणाऱ्यावर ठरतं, आणि आधी खात्रीने सांगणारा माणूस बहुधा फेकत असतो. नेटफ्लिक्सने तर मे २०१७ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं: गुगलच्या तपासणीत नापास होणाऱ्या, म्हणजे रूट केलेल्या किंवा बूटलोडर उघडलेल्या फोनना प्ले स्टोअरमध्ये ते ॲप दिसेनासंच झालं.

या सगळ्याचं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण सोनीच्या एक्सपीरिया फोनचं आहे. झेड मालिकेच्या काळात या फोनमध्ये टीए नावाचं एक छोटं पार्टिशन (साठवणीतला वेगळा कप्पा) असे आणि त्यात त्या फोनच्या खास डीआरएम किल्ल्या असत. बूटलोडर उघडला की त्या कायमच्या पुसल्या जात. पुन्हा बंद केला तरी परत येत नसत. इथपर्यंत ठीक, सिनेमा बघायच्या किल्ल्या गेल्या. पण झेड३ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं, की बूटलोडर उघडल्यावर कॅमेराही बिघडतोय. कमी उजेडातले फोटो दाणेदार येतायत. कारण फोटोतला दाणेदारपणा कमी करणारी सोनीची प्रक्रिया त्याच किल्ल्यांवर अडकवून ठेवलेली होती. कॅमेरा तुमचा, भिंग तुमचं, फोटो तुमच्या पोराच्या वाढदिवसाचा, पण फोटो साफ करणारं गणित कंपनीच्या कुलपात. उघडण्याआधी टीएची प्रत काढून ठेवायला हवी, हे जाणकार सांगत. पण प्रत काढायला रूट लागायचं आणि रूट करायचा सोपा रस्ता बूटलोडर उघडण्याचा! मग कुठल्यातरी जुन्या फर्मवेअरमधला (कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरमधला) बग धरून आधी तात्पुरतं रूट मिळवायचं, प्रत काढायची आणि मगच उघडायचं, अशी कसरत चाले. डायलरमध्ये *#*#७३७८४२३#*#* टाकून सर्व्हिस मेन्यूत गेलं की किल्ल्या जिवंत आहेत की नाहीत ते दिसे. जुना एक्सपीरिया घेताना जाणकार गिऱ्हाईक आधी तो कोड टाकून बघत असे. सॅमसंगचा प्रकार आणखी साधा आणि आणखी कठोर. परक्या सहीचं सॉफ्टवेअर चढवलं की चिपमधला एक फ्यूज जळतो, नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेचा आकडा शून्याचा एक होतो आणि सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी त्या फोनवर कायमच्या बंद. मूळ सॉफ्टवेअर परत टाकून उपयोग नाही.

बँकेचं ॲप बंद पडतं त्याचा डीआरएमशी थेट संबंध नाही, पण पाया तोच आहे. पूर्वी ही ॲप्स भोळी होती. फोनमध्ये रूटची फाइल सापडते का, आयफोनवर सिडिया हे जेलब्रेकवाल्यांचं ॲप-दुकान दिसतं का, एवढंच बघायची. मॅजिस्कसारखं साधन ते सहज लपवायचं. आता ॲपचा सर्व्हर थेट चिपला विचारतो, आणि चिप सही करून उत्तर देते. त्या उत्तरात एक ओळ असते, की बूटलोडर बंद आहे का? होय किंवा नाही. तुम्ही अँड्रॉइडमध्ये कितीही लपवालपवी करा, ही ओळ अँड्रॉइडच्या हातात नाही. बाजारात फिरणारे ‘हमखास उपाय’ दुसऱ्या फोनच्या चोरलेल्या किल्ल्या वापरतात. गुगल त्या हुडकून बाद करतं, की पुन्हा नव्या शोधा. पैसे ज्या ॲपमध्ये आहेत त्याच्यासाठी हा खेळ खेळू नये. रूट लपवण्यासाठी अनोळखी माणसाचं मोड्यूल फोनमध्ये सर्वाधिकारासह चालवायचं आणि मग त्याच फोनवर यूपीआयचा पिन टाकायचा, हे धाडस मी स्वतः करत नाही.

पण ही तपासणी सुरक्षेचीच असते, हेही मला मान्य नाही. ग्राफीनओएस ही सुरक्षेवर भर देणारी अँड्रॉइडची आवृत्ती घ्या. पिक्सेल फोनवर ती बसवून बूटलोडर पुन्हा बंद करता येतो, सुरक्षा अपडेट वेळेवर येतात, आणि सुरक्षेच्या बाबतीत ती मूळ अँड्रॉइडपेक्षा कडक आहे. तरी गुगलच्या प्ले इंटिग्रिटीची अधिकृत फोनची परीक्षा ती पास होत नाही, कारण ती गुगलने मान्य केलेली नाही. उलट कित्येक वर्षांत एकही सुरक्षा अपडेट न मिळालेला, पण मूळ सॉफ्टवेअरचा फोन बऱ्याच ॲप्सना बिनबोभाट चालतो. विचारलं जातं ते ‘फोन कुणाच्या ताब्यात आहे’ हे, आणि मालकाच्या ताब्यात असणं हे इथे चुकीचं उत्तर आहे.

आता आयफोन. २००७ मध्ये तो अमेरिकेत आला तेव्हा एटी अँड टीच्या सिमला बांधलेला होता आणि ॲप स्टोअर नव्हतंच. ते जुलै २००८ मध्ये उघडलं. त्याआधीच लोकांनी जेलब्रेक करून ॲप्स टाकायला सुरुवात केली होती, आणि जे फ्रीमनचं सिडिया ॲपलच्या दुकानाच्या काही महिने आधी आलं. भारतात आयफोन अधिकृतपणे विकायला आला तो ऑगस्ट २००८ मध्ये. त्याआधी अमेरिकेतून काका-मामांनी आणलेले फोन इथलं सिम घ्यायचे नाहीत आणि आधी जेलब्रेक, मग अनलॉक, ही इथल्या दुकानांतली नेहमीची सेवा होती. तेव्हा पायरसी हा विषयच नसे. फोन लागावा, एवढीच अपेक्षा.

अँड्रॉइडवर मराठी माणसाचं कारण वेगळंच होतं: देवनागरी. अँड्रॉइड २.२, २.३ च्या काळात अनेक फोनवर मराठीच्या जागी चौकोन दिसत. ऑपेरा मिनीत सेटिंगचं एक गुप्त पान उघडून अक्षरं चित्ररूपात मागवायची युक्ती होती, ती रूटशिवाय चाले. पण संपूर्ण फोनवर मराठी हवी, तर रूट करून सिस्टिमच्या फाँट फोल्डरमधली ड्रॉइड सॅन्स फॉलबॅक ही फाइल बदलावी लागे. एवढं करूनही ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसे आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहत, कारण नुसत्या फाँटने भागत नाही, अक्षरं जुळवणारं इंजिनही लागतं. तरी लोक करत. आपल्या भाषेत वाचण्यासाठी आपल्याच फोनचं कुलूप तोडणाऱ्या त्या मंडळींना कॉपीराइटचा भंग करणारे म्हणायचं का, हा प्रश्न कायद्यापर्यंत कधी गेला नाही, पण जायला हवा होता.

पायरसीचा शिक्का बसला तो फेअरप्लेमुळे. ॲपलने हे डीआरएम २००३ मध्ये गाण्यांच्या दुकानासाठी आणलं. विकत घ्यायच्या गाण्यांवरून ते २००९ मध्ये उतरलं, पण ॲप स्टोअरमधलं प्रत्येक ॲप आजही फेअरप्लेने बंद केलेलं येतं. फोनच्या साठवणीत ते कुलूपबंद असतं आणि चालवताना ज्याने घेतलं त्याच्या खात्यासाठी मेमरीत उघडतं. जेलब्रेकने फेअरप्लेचं गणित सुटत नाही. मात्र मेमरी वाचता येते, आणि उघडलेलं ॲप तिथून उचलता येतं. मला हे नियमित करावं लागतं. एखादी कंपनी स्वतःचं ॲप तपासायला देते, मी ते मेमरीतून उतरवून घेतो, फाइलच्या शीर्षकातला क्रिप्टआयडी नावाचा आकडा एकचा शून्य होतो आणि मग आत काय आहे ते वाचता येतं. कंपनीची लेखी परवानगी असते, त्यामुळे यात काही वावगं नाही. हीच कृती दुसऱ्याच्या विकत घ्यायच्या ॲपवर करून ते वाटलं की सरळ चोरी. इन्स्टॉलस नावाचं एक साधन अशा चोरलेल्या ॲप्सचंच होतं, ते २०१२ च्या अखेरीस बंद पडलं. सिडियावरच्या बहुसंख्य गोष्टी मात्र कंट्रोल सेंटर, थीम, कीबोर्ड असल्या निरुपद्रवी होत्या, आणि त्यातल्या कित्येक सोयी पुढे ॲपलने स्वतःच दिल्या. याची कबुली कोणी देत नाही, तो भाग वेगळा.

कायद्याचं म्हणाल तर आधी अमेरिकेचं सांगतो, कारण इंटरनेटवर वाचलेलं ‘जेलब्रेक कायदेशीर आहे’ किंवा ‘नाही’ हे बहुतेक तिथलं असतं. तिथल्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याचं कलम १२०१ डिजिटल कुलूप तोडायलाच मनाई करतं. आत कॉपीराइटचा भंग झाला की नाही, हा पुढचा प्रश्न. मात्र दर तीन वर्षांनी सवलती मागता येतात. डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या ईएफएफ या संस्थेने फोनसाठी सवलत मागितली तेव्हा ॲपलने विरोध केला आणि जेलब्रेक केलेल्या फोनमुळे मोबाइलचे टॉवर बंद पाडता येतील, इथपर्यंत युक्तिवाद गेला. २६ जुलै २०१० रोजी सवलत मिळाली. त्या निर्णयातला एक आकडा मला फार आवडतो: ऐंशी लाखांहून अधिक बाइटच्या सॉफ्टवेअरमध्ये नेहमीच्या जेलब्रेकने बदलतात ते पन्नासपेक्षाही कमी बाइट. २०१२ मध्ये सवलत फोनसाठी चालू राहिली पण टॅबलेटला नाकारली, म्हणजे आयफोन उघडला तर चालेल आणि तेच सॉफ्टवेअर असलेला आयपॅड उघडला तर नाही. हा विनोद २०१५ मध्ये दुरुस्त झाला. गेम कन्सोलला मात्र पायरसीचं कारण देऊन २०१२ मध्ये नकारच मिळाला. आणि हेही लक्षात ठेवा, की सवलत आहे ती कुलूप उघडण्याच्या कृतीला. उघडायची साधनं विकणं-वाटणं यावरची बंदी त्या सवलतीने उठत नाही.

भारताचा कायदा या बाबतीत जास्त शहाणा आहे, असं माझं मत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, पण अट अशी, की कुलूप कॉपीराइटचे हक्क जपण्यासाठी लावलेलं असावं आणि तोडणाऱ्याचा हेतू त्या हक्कांचा भंग करण्याचा असावा. कायद्याने स्पष्ट मनाई नसलेल्या कामासाठी, तसंच एन्क्रिप्शनचं संशोधन किंवा मालकाच्या परवानगीने सुरक्षा तपासणी यांसाठी, त्याच कलमात सूट आहे. तेव्हा स्वतःच्या फोनवर लिनिएजओएस टाकणं, मराठी फाँट बसवणं, कंपनीची नको असलेली ॲप्स काढणं यात गुन्ह्याचा हेतू दिसत नाही. मी वकील नाही, पण कलम वाचून मला असंच दिसतं. वॉरंटी जाईल, ओटीटीच्या अटींचा भंग होऊ शकेल, हे कंपनी आणि तुमच्यातलं प्रकरण. याउलट एल३ फोडून सिनेमा उतरवला आणि टेलिग्रामवर टाकला, तर हेतू सिद्ध करायला सरकारी वकिलाला फार घाम गाळावा लागणार नाही.

या कलमात एक मजेदार तरतूद आहे, जी दुरुस्तीवाल्यांपैकी जवळपास कोणालाच ठाऊक नसते. अशा कामासाठी दुसऱ्याला कुलूप तोडायला मदत करणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख पटवणारे तपशील आणि कामाचा हेतू यांची पूर्ण नोंद ठेवायची आहे. म्हणजे गल्लीतल्या दुकानदाराने गिऱ्हाइकाचा फोन रूट करताना, कुलूप या कलमात बसणारं असेल तर, वही उघडून ‘कशासाठी करताय?’ हे विचारून लिहून घ्यायचं. अशी वही मी कुठल्या दुकानात पाहिलेली नाही. तुमचा असा धंदा असेल तर मात्र ठेवा, अडचणीच्या वेळी तीच बाजू मांडेल. आणि रूट मिळालं म्हणून आयएमईआय नंबरला हात लावू नका. त्याचा डीआरएमशी काही संबंध नाही, पण दूरसंचार कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि तिथे ‘फोन माझाच होता’ हे चालत नाही.

राहता राहिला आयफोन एक्स. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ॲक्झिओएमएक्स या टोपणनावाच्या संशोधकाने चेकमेट हा बूटरॉममधला बग जाहीर केला. आयफोन ४एस ते एक्सपर्यंतच्या फोनमध्ये तो आहे आणि बूटरॉम चिपमध्येच कोरलेला असल्यामुळे ॲपलला कुठल्याही अपडेटने तो बुजवता येत नाही. म्हणून तुमचा एक्स पालेरावन हे साधन वापरून आजही जेलब्रेक होतो. मात्र प्रत्येक वेळी बंद करून चालू केला की पुन्हा संगणकाला जोडून तेच करावं लागतं. शिवाय या मॉडेलवर आयओएस १६ असेल तर पासकोड ठेवता येत नाही. आधी कधी ठेवला असेल तर सगळा फोन पुसूनच सुरुवात करावी लागते. पासकोड नसलेल्या फोनवर काय ठेवावं, ते तुम्हीच ठरवा. शिकायला, जुने गेम खेळायला, प्रयोगाला उत्तम. त्यावर खरी ॲपल आयडी टाकू नका. २०१५ मध्ये कीरेडर नावाच्या मालवेअरने जेलब्रेक केलेल्या फोनमधून सव्वादोन लाख ॲपल खाती चोरली होती. २००९ मध्ये तर ऑस्ट्रेलियात एक संगणकी किडा या फोनमधून त्या फोनमध्ये पसरला, कारण लोकांनी एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून फोनमध्ये शिरायची सोय) बसवलं आणि अल्पाइन हा मूळ पासवर्ड बदललाच नाही. जेलब्रेक करून एसएसएच चालू केलंत तर पहिलं काम पासवर्ड बदलण्याचं.

नव्या आयफोनना जेलब्रेक का मिळत नाही, असं पुष्कळ जण विचारतात. ज्या बगमधून जेलब्रेक होतं त्याच जातीच्या बगमधून हेरगिरीही होते. २०१६ मध्ये अमिराती कार्यकर्ते अहमद मन्सूर यांच्या फोनवर पाठवलेली पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरची लिंक उघडली असती, तर फोन दूरवरून, गुपचूप जेलब्रेकच झाला असता. त्याआधी २०१५ मध्ये एका दलाल कंपनीने दूरवरून होणाऱ्या आयफोन जेलब्रेकला दहा लाख डॉलर देऊ केले होते. इतका भाव असताना फुकट वाटेल कोण?

तुमच्या अँड्रॉइडवर आता काय करायचं ते सांगतो. एचडी आणि बँक दोन्ही हवंच असेल, तर मूळ कंपनीचं सॉफ्टवेअर परत टाकून बूटलोडर बंद करणं हा एकच सरळ मार्ग. पण लिनिएजओएस असताना घाईने ‘लॉक’ची आज्ञा देऊ नका. सही जुळत नाही म्हणून फोन सुरूच व्हायचा नाही. आधी नेमक्या त्याच मॉडेलचं, त्याच प्रदेशाचं संपूर्ण फर्मवेअर टाका. चीनसाठी बनलेल्या फोनवर ग्लोबल रॉम असताना लॉक केलेले कितीतरी फोन दगड होऊन आलेले मी पाहिलेत. फोन एकदा नीट चालू करून बघा, सेटअप पूर्ण करा, मग लॉक करा, आणि त्यात डेटा पुन्हा पुसला जाणार आहे हे धरून फोटो आधी काढून ठेवा. त्यानंतर डीआरएम इन्फोमध्ये एल१ दिसलं तर काम झालं. दिसलं नाही तर तुमच्या मॉडेलच्या किल्ल्या गेल्यात. मग लिनिएजओएसच ठेवा, सिनेमा टीव्हीवर बघा आणि बँकेसाठी अपडेट मिळत असलेला एखादा स्वस्त फोन वेगळा घ्या.